लस घेऊनही कोरोना होतो, मग फुप्फुसात नेमकं काय बदलतं?

२०२५ च्या मे-जूनमध्ये कोरोनाच्या बातम्या परत सुरू झाल्या, जेएन.१ हा विषाणूचा नवा प्रकार आणि त्याच्या पुढच्या पिढ्या यांची नावं टीव्हीवर फिरायला लागली आणि कुडाळच्या मावशीचा फोन आला. "बाय गो, दोन डोस घेतलंय, वरचो तिसरो पण घेतलंय, तरी माका झालोच मा! मगे त्या लशीचो उपयोग काय?" मावशी चार दिवस तापली, खोकली, घरीच पेज खाऊन बरी झाली. पण प्रश्न तिने अगदी मनापासून विचारला होता आणि तो तिचा एकटीचा नाहीये. मी रत्नागिरीत बारावीला बायोलॉजी शिकवते, आमच्या वर्गात, स्टाफरूममध्ये, एसटी स्टँडवर, मच्छी मार्केटात, सगळीकडे हाच प्रश्न गेली चार-पाच वर्षं ऐकतेय.

प्रश्न रास्तच आहे. कारण २०२१ मध्ये लोकांना ज्या भाषेत लस सांगितली गेली ती साधारण "लस घ्या म्हणजे कोरोना होणार नाही" अशीच होती. मग झाला तर माणूस विचारणारच. मला वाटतं सांगण्यात मोठी गफलत झाली, लसीचा खरा फायदा जिथे आहे तिकडे बोटच दाखवलं गेलं नाही. तो फायदा नाकात शोधायचा नाही, छातीत शोधायचा. हे नीट समजायला आधी हा विषाणू शरीरात उतरतो कसा ते बघूया.

नाकातला कोरोना आणि छातीतला कोरोना

आजार एकच असला तरी त्याचे दोन टप्पे धरले तर बरंचसं कोडं सुटतं. पहिला टप्पा नाक, घसा आणि वरच्या श्वासनलिकेचा. विषाणू तिथल्या पेशींवर एसीई-२ नावाचं प्रथिन असतं त्याला चिकटून आत शिरतो आणि स्वतःच्या प्रती काढत सुटतो. सर्दी, घसा, ताप, अंगदुखी, वास जाणं हे सगळं या टप्प्यातलं. बहुतेक लोकांची गाडी इथूनच परत फिरते.

दुसरा टप्पा म्हणजे विषाणू खाली फुप्फुसात उतरतो तो. आपल्या फुप्फुसात हवेचे बारीक बारीक फुगे असतात, त्यांना वायुकोश म्हणतात, तीस ते पन्नास कोटी असतील, सगळे उलगडून पसरले तर सत्तर चौरस मीटरच्या आसपास जागा व्यापतील म्हणजे जवळजवळ साडेसातशे स्क्वेअर फूट. या फुग्यांची भिंत इतकी पातळ असते की एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त आणि मधून ऑक्सिजन पलीकडे जातो. फुगे मिटून चिकटू नयेत म्हणून काही पेशी आतून साबणासारखा एक पातळ थर सोडत असतात आणि नेमक्या ह्याच पेशींवर कोरोनाचा विषाणू हल्ला करतो. पेशी मरतात, थर कमी पडतो, फुगे मिटायला लागतात, भिंतीतून पाणी झिरपून आत साचतं. हवा आत येते पण रक्तापर्यंत पोचत नाही.

त्यात आणखी एक गोष्ट होते आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची. आपली स्वतःची प्रतिकारशक्ती उशिरा जागी होते, तोपर्यंत विषाणू भरमसाट झालेला असतो, मग ती सगळी ताकद एकदम लावते आणि त्या मारामारीत फुप्फुसाचंच नुकसान होतं. म्हणून २०२१ मध्ये आपण बघितलं की माणूस पहिले पाच-सहा दिवस बरा असायचा, फोनवर बोलायचा आणि सातव्या-आठव्या दिवशी अचानक धाप लागायची. यालाच धरून डेक्सामेथासोन हे साधं स्वस्त स्टेरॉइड उपयोगी पडलं, ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत जून २०२० मध्ये दिसलं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये मृत्यू साधारण एक तृतीयांशाने आणि नुसत्या ऑक्सिजनवरच्यांमध्ये एक पंचमांशाने कमी झाले, पण ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना काही फायदा झाला नाही. म्हणजे पहिल्या टप्प्यात विषाणूचा जोर, दुसऱ्या टप्प्यात सुजेचा.

तो "स्कोअर" म्हणजे काय होता

एप्रिल-मे २०२१ मध्ये आपल्याकडे कुणाचीही तब्येत विचारायची तर एकच प्रश्न होता, "स्कोअर किती आला?" कुणाचा आठ, कुणाचा पंधरा, कुणाचा बावीस. पुष्कळांना तो आकडा कसा काढतात हे कधी कुणी सांगितलंच नाही.

एचआरसीटी म्हणजे छातीचा बारीक कापांचा सीटी स्कॅन. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग असतात आणि डाव्याचे दोन, असे मिळून पाच. प्रत्येक भाग किती बाधित झालाय ते बघून त्याला ० ते ५ गुण. पाच टक्क्यांपेक्षा कमी असेल तर १, पंचवीस टक्क्यांपर्यंत २, निम्म्यापर्यंत ३, पाऊण भागापर्यंत ४ आणि त्याच्यावर ५. पाच भाग गुणिले पाच म्हणून २५ पैकी. साधारण सात-आठपर्यंत सौम्य, पंधरा-सतराच्या पुढे गंभीर असं धरायचे, सीमारेषा सेंटरप्रमाणे थोडी मागेपुढे व्हायची. स्कॅनमध्ये निरोगी फुप्फुस काळं दिसतं कारण आत हवा असते, पाणी आणि सूज आली की तिथे धुरकट पांढरट डाग दिसतात, रिपोर्टात त्याला "ग्राऊंड ग्लास" लिहिलेलं असायचं, म्हणजे दुधी काचेतून बघितल्यासारखं.

या आकड्याच्या मर्यादा पण सांगायला हव्यात. हा स्कोअर बदलत असतो, साधारण दहाव्या दिवसाच्या आसपास तो सगळ्यात वर जातो. दुसऱ्या दिवशी घाईने स्कॅन केला तर तो स्वच्छ येऊ शकतो आणि माणूस उगाच निर्धास्त होतो. तेव्हा लोक ताप आला की थेट सीटीला रांग लावत होते, सरकारने दर बांधून दिले होते, मशीनप्रमाणे २००० ते ३००० रुपये, तरी पण ज्यांना गरज नव्हती त्यांनी सुद्धा करून घेतले. दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी मे २०२१ मध्ये एक सीटी म्हणजे ३००-४०० एक्स-रे असं सांगितलं, त्यावर रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने हरकत घेतली की आताच्या मशीनमध्ये रेडिएशन इतकं नसतं. आकड्यावर वाद झाला पण सौम्य आजारात सीटी करू नका हा मूळ मुद्दा तसाच राहतो. आणि १२ स्कोअरचा एखादा माणूस ऑक्सिजनशिवाय निभावायचा, तर तेवढ्याच स्कोअरच्या दमेकरी माणसाला बेड लागायचा, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून कुणाचं भविष्य सांगता येत नाही.

पण एवढं सगळं धरून सुद्धा फुप्फुस किती व्यापलंय याचं मोजमाप म्हणून स्कोअर कामाचा आहे, आणि लसीने फुप्फुसात काही फरक पडतो का हे बघायला तर फारच कामाचा.

मग लस करते काय

रायगडात पेण-अलिबागकडे किंवा आमच्याकडे खाडीकाठी ज्यांची खारजमीन आहे त्यांना हे पटकन कळेल. भरतीचं पाणी खाडीत येणारच, ते कुणी थांबवू शकत नाही. आपण बांध घालतो तो शेताभोवती. बांध चांगला असला तरी उधाणाला थोडं पाणी झिरपतं, कधी खांड पण पडते म्हणजे बांधाला भगदाड पडतं, पण गाव जागं असेल आणि माती-दगड हाताशी असतील तर खांड लगेच बुजवतात आणि भात वाचतं. बांधच नसेल तर तेच पाणी आख्खं शेत खारं करून जातं. आता नाक म्हणजे खाडी आणि फुप्फुस म्हणजे शेत असं समजा. दंडावर दिलेली लस खाडीत पाणी येणं फारसं थांबवत नाही, ती शेत राखते.

असं का, तर त्याची दोन कारणं आहेत.

एक म्हणजे जागेचं. दंडात सुई दिली की रक्तात अँटीबॉडी तयार होतात, जास्त करून आयजीजी जातीच्या. अँटीबॉडी म्हणजे विषाणूला जाऊन चिकटणारी आणि त्याला पेशीत शिरू न देणारी प्रथिनं. फुप्फुसाच्या फुग्यांना रक्ताच्या केशवाहिन्यांचं जाळंच लपेटलेलं असतं, भिंत पातळ, त्यामुळे रक्तातल्या ह्या अँटीबॉडी तिथे बऱ्यापैकी पोचतात. नाकाच्या आतल्या ओल्या अस्तरावर मात्र वेगळ्या जातीच्या, आयजीएच्या अँटीबॉडी लागतात आणि त्या दंडावरच्या लसीने कमी तयार होतात. म्हणून नाकातून द्यायच्या लसीचा विचार पुढे आला, भारत बायोटेकची इन्कोव्हॅक जानेवारी २०२३ मध्ये आपल्याकडे आलीसुद्धा.

दुसरं कारण वेळेचं. अँटीबॉडी काही महिन्यांत कमी होत जातात, हे खरंच आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही, बऱ्याच आजारांत असंच होतं. पण मागे राहतात त्या स्मृतिपेशी, म्हणजे हा विषाणू ओळखून ठेवलेल्या पेशी. त्यातल्या काही अँटीबॉडी पटापट तयार करतात, काही ज्यांना टी-पेशी म्हणतात त्या विषाणू शिरलेल्या आपल्याच पेशी हुडकून संपवतात. या स्मृतिपेशींना कामाला लागायला तीन ते पाच दिवस पुरतात. ज्याने लस घेतली नाही आणि ज्याला आधी आजार झालेला नाही त्याच्या शरीराला पहिल्यांदा ही सगळी तयारी करायला दहा-बारा दिवस, दोन आठवडे सुद्धा लागतात. आता वरचं परत आठवून बघा, विषाणूला नाकातून फुप्फुसात उतरून धुमाकूळ घालायला साधारण आठवडा लागतो. लस घेतलेल्याचं शरीर चौथ्या-पाचव्या दिवशी तयार, न घेतलेल्याचं बाराव्या दिवशी, आणि विषाणू सातव्या दिवशी छातीत.

म्हणजे सर्दी-ताप येतोच कारण तेवढे पहिले तीन-चार दिवस विषाणूला मोकळे मिळतात. पण खाली उतरायच्या आत त्याची संख्या कमी होते, आणि संख्या कमी म्हणजे ती दुसऱ्या आठवड्यातली आंधळी मारामारी पण कमी, सूज कमी, पाणी कमी, स्कॅनवर डाग कमी. टी-पेशींचं आणखी एक बरं आहे, त्या विषाणूचे असे बरेच तुकडे ओळखतात जे नव्या व्हेरियंटमध्ये सुद्धा फारसे बदलत नाहीत. म्हणून २०२१ च्या अखेरीस आलेल्या ओमायक्रॉन या व्हेरियंटने अँटीबॉडींना बरंच चकवलं पण गंभीर आजारापासूनचं संरक्षण त्या मानाने टिकलं.

आणि हे काही कोरोनाच्या लसीचंच खास नाही. आपल्या सगळ्यांच्या दंडावर बीसीजीचा व्रण आहे. बीसीजी टीबीची लागण पूर्ण थांबवत नाही, पण लहान मुलांना मेंदूचा टीबी आणि अंगभर पसरणारा टीबी होण्यापासून वाचवते, तेवढ्यासाठीच ती जन्मल्याबरोबर देतात.

आकडे काय सांगतात

मला ह्यात सगळ्यात पटलेला अभ्यास वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांपैकी ८९९१ जणांनी जानेवारी ते एप्रिल २०२१ मध्ये लस घेतली, बहुतेकांनी कोविशिल्ड. दुसरी लाट चालू असताना त्यांनी बघितलं की दोन डोस झालेल्यांना लस न घेतलेल्या सहकाऱ्यांच्या तुलनेत किती संरक्षण मिळालं. लागण होण्यापासून ६५ टक्के. ॲडमिट होण्यापासून ७७ टक्के. ऑक्सिजन लागण्यापासून ९२ टक्के. आयसीयूत जाण्यापासून ९४ टक्के.

हे आकडे एकापाठोपाठ वाचा. आजार जसजसा छातीत खोल जातो तसतसं संरक्षण वाढत जातं. नाकाच्या पातळीवर ६५ आणि फुप्फुसाच्या पातळीवर नव्वदीच्या पुढे. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर ह्या चार आकड्यांत आहे आणि मला खरंच वाटतं की २०२१ मध्ये प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर हे लिहायला हवं होतं. ह्या अभ्यासाची जमेची बाजू अशी की सगळे एकाच हॉस्पिटलातले, एकाच काळातले, उपचारांची सोय सगळ्यांना सारखी. उणी बाजू अशी की नोकरी करणारी माणसं म्हणजे तुलनेने तरुण, त्यामुळे ऐंशीच्या आजोबांना हाच आकडा जसाच्या तसा लावता येत नाही.

पण दुसरीकडूनही चित्र तसंच दिसतं. तामिळनाडूच्या १ लाख १७ हजारांवर पोलिसांच्या नोंदी आयसीएमआर म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी तपासल्या, तर एका डोसने मृत्यूपासून ८२ टक्के आणि दोन डोसनी ९५ टक्के संरक्षण दिसलं. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत लक्षणं असलेल्या आजारापासून ७७.८ टक्के आणि गंभीर आजारापासून ९३.४ टक्के. लस वेगळी, माणसं वेगळी, पण वर नाकापाशी कमी आणि खाली छातीपाशी जास्त ही चढण तीच.

आणि सीटी स्कॅनचं? दुसऱ्या लाटेत देशात वेगवेगळ्या ठिकाणी रेडिओलॉजिस्टांनी लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या रुग्णांचे स्कोअर शेजारी ठेवून बघितले, दोन डोस पूर्ण झालेल्यांचा सरासरी स्कोअर कमी निघाला, एकच डोस झालेल्यांत फरक तितका स्पष्ट नव्हता. आता इथे एक बारकावा आहे जो माझ्या मते फार लोकांच्या लक्षात येत नाही. सीटी सेंटरवर कोण येतं? ज्याला त्रास वाढलाय तो. लस घेतलेले जे घरीच चार दिवसांत बरे झाले त्यांचा स्कॅन झालाच नाही, त्यांचा शून्य किंवा दोन स्कोअर कुठल्याच सरासरीत धरला गेला नाही. म्हणजे स्कॅन केलेल्यांची आपापसात तुलना केली तर लसीचा फायदा आहे त्याहून कमीच दिसतो. तरीही तो दिसला.

"पण हॉस्पिटलात तर लस घेतलेलेच जास्त होते"

हे वाक्य २०२२ मध्ये खूप फिरलं आणि ते कित्येक ठिकाणी खरं पण होतं. फक्त त्याचा अर्थ लोकांनी उलटा लावला.

समजायला एक गाव धरूया, साठीच्या पुढचे १००० लोक. त्यातल्या ९०० जणांनी लस घेतलीय, १०० जणांनी नाही. समजा न घेतलेल्यांपैकी दहा टक्के गंभीर झाले, म्हणजे १० जण. घेतलेल्यांपैकी दोनच टक्के झाले, म्हणजे १८ जण. हॉस्पिटलात गेलात तर २८ पैकी १८ बेडवर लस घेतलेले दिसणार आणि बघणारा म्हणणार की लस निकामी. पण धोका त्यांच्यासाठी पाचपट कमी होता, फक्त ते संख्येनेच जास्त होते म्हणून जास्त दिसले. उद्या गावातल्या सगळ्याच्या सगळ्यांनी लस घेतली तर हॉस्पिटलातले शंभर टक्के रुग्ण लस घेतलेलेच असणार. म्हणून आत किती आहेत हे विचारून भागत नाही, कितींपैकी आहेत हे विचारायला लागतं. आणि लस आधी कुणी घेतली, तर म्हाताऱ्यांनी, बीपी-शुगरवाल्यांनी, १८ ते ४४ वाल्यांचं लसीकरण तर १ मे २०२१ ला सुरू होऊन आपल्या राज्यात तुटवड्यामुळे लगेच थांबवावं लागलं होतं, म्हणजे लस घेतलेला गट मुळातच जास्त धोक्यातला होता.

"ओमायक्रॉनच सौम्य होता, त्यात लसीचं काय कौतुक"

यात अर्धं खरं आहे. हाँगकाँग विद्यापीठाच्या संशोधकांनी डिसेंबर २०२१ मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं की ओमायक्रॉन श्वासनलिकेच्या पेशींमध्ये डेल्टापेक्षा, म्हणजे दुसऱ्या लाटेतल्या प्रकारापेक्षा, जवळजवळ ७० पट वेगाने वाढतो पण खोल फुप्फुसाच्या पेशींमध्ये मूळ विषाणूपेक्षा दहा पटीहून कमी. म्हणजे तो मुळातच नाकातला जास्त आणि छातीतला कमी असा विषाणू झाला होता.

पण तो सगळ्यांना सौम्य होता का, तर नाही आणि त्याचा पुरावा त्याच हाँगकाँगमध्ये आहे. तिथे २०२२ च्या सुरुवातीला ऐंशीच्या पुढच्या निम्म्याहून जास्त वृद्धांचे दोन डोस झालेले नव्हते आणि आधीच्या लाटाही तिथे फारशा आल्या नव्हत्या, म्हणजे शरीराला विषाणूची ओळखच नाही. तिथे हाच "सौम्य" ओमायक्रॉन आला आणि मार्च २०२२ मध्ये हाँगकाँगचा मृत्युदर जगात सगळ्यात वरच्या दरांपैकी एक झाला. त्याच सुमारास न्यूझीलंडमध्ये, जिथे जवळजवळ सगळ्या वृद्धांनी लस घेतली होती, तोच विषाणू आला आणि त्या मानाने फार कमी माणसं गेली. आपल्याकडे २०२२ मध्ये हॉस्पिटलं भरली नाहीत ती तिन्ही गोष्टी जमून आल्यामुळे, विषाणू बदलला, डेल्टा बऱ्याच जणांना होऊन गेला होता आणि लस दिली गेली होती.

"होऊन गेलाय मग लस कशाला" ह्याचं उत्तर पण इथेच देऊन टाकते. आजार होऊन गेल्यावर सुद्धा चांगली प्रतिकारशक्ती येते, हे कुणीही शास्त्रज्ञ नाकारत नाही. फरक इतकाच की ती मिळवायला आधी आजारातून जावं लागतं आणि २०२१ च्या मे महिन्यात ती किंमत काय होती ते कोकणातल्या प्रत्येक वाडीला ठाऊक आहे.

कोकणात हे जास्त का लागतं

हा भाग मला मुद्दाम लिहायचा होता. नाकातला कोरोना कुठेही सारखाच, मुंबईत काय आणि राजापुरात काय, पॅरासिटामॉल आणि विश्रांती. छातीतला कोरोना मात्र अंतरावर ठरतो. २०२० च्या उन्हाळ्यात चाकरमानी गावी आले तेव्हा आमच्या जिल्ह्याचे स्वॅब तपासायला मिरजेला जायचे. मोठ्या आयसीयूसाठी आंबा घाट चढून कोल्हापूर नाहीतर कुंभार्ली घाट चढून कऱ्हाड, नाहीतर मुंबई. ज्याचा ऑक्सिजन ८५ वर आलाय त्याच्यासाठी रात्रीचा घाट म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहिती.

आणि त्याच वर्षी काय काय झालं बघा. १६-१७ मे २०२१ ला तौक्ते वादळाने किनाऱ्यावरची वीज घालवली, तेही दुसरी लाट चालू असताना. जूनमध्ये डेल्टा प्लसची बातमी आली, राज्यातल्या पहिल्या २१ रुग्णांपैकी ९ एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते. २२ जुलैला वाशिष्ठी नदीने चिपळूण बुडवलं. ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं, सिलिंडर रस्त्याने येतो आणि आपल्याकडे पावसाळ्यात ह्या दोन्हींचा भरवसा नसतो. म्हणून आमच्यासारख्या भागात ऑक्सिजनची गरजच पडू नये ही गोष्ट शहरापेक्षा कितीतरी मोलाची आहे, आणि लसीचा सगळ्यात मोठा फायदा नेमका तोच, वेल्लोरच्या अभ्यासातले ते ९२ टक्के.

"आमच्याकडे दोन डोस घेऊन सुद्धा माणूस गेला"

असं घडलेलं आहे आणि त्या घराला टक्केवारी सांगून काही समाधान होत नाही, तशी ती सांगू पण नये. ९४ टक्के म्हणजे शंभर टक्के नव्हे. किडनी ट्रान्सप्लांट झालेले, कॅन्सरची केमो चालू असलेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, खूप वयस्कर, यांच्या शरीरात लसीने स्मृतिपेशी आणि अँटीबॉडी कमी तयार होतात, बांध मुळातच कच्चा राहतो. त्यांच्यासाठी घरातल्या बाकीच्यांनी आजारी असताना मास्क लावणं, वेगळं राहणं हेच जास्त कामाचं.

हार्ट अटॅक आणि रक्ताच्या गुठळ्या

लसीबद्दल लिहायचं आणि हे टाळायचं हे मला बरोबर वाटत नाही. २०२४ मध्ये ॲस्ट्राझेनेकाने ब्रिटनच्या कोर्टात मान्य केलं की त्यांच्या लसीमुळे, आपल्याकडे जी कोविशिल्ड म्हणून आली, फार क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होण्याचा आजार होऊ शकतो. बातमी अशी आली की जणू आत्ताच कळलं. प्रत्यक्षात युरोपच्या औषध नियामकांनी हे एप्रिल २०२१ मध्येच जाहीर केलं होतं. प्रमाण युरोपात लाखात एक-दोन, जास्त करून पहिल्या डोसनंतर आणि साधारण महिना-दीड महिन्याच्या आत. म्हणजे २०२१ मध्ये डोस घेतलेल्या माणसाने आज त्या भीतीने डी-डायमर ही गुठळ्यांसाठीची रक्ततपासणी करत बसायचं कारण नाही. दुष्परिणाम खरा आहे, तो ज्यांना झाला त्यांचं नुकसान खरं आहे, त्यांची दखल घेतली गेलीच पाहिजे, आणि तरीही डेल्टाच्या लाटेत छातीतल्या कोरोनाचा धोका त्याहून कैक पटीने मोठा होता. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

तरुण मुलं अचानक जातात त्याचं काय? आयसीएमआरने देशातल्या ४७ हॉस्पिटलांमधून १८ ते ४५ वयाच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लसीमुळे धोका वाढलेला दिसला नाही, उलट दोन डोस झालेल्यांमध्ये तो कमी होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टी कोणत्या निघाल्या, तर कोरोनाने ॲडमिट व्हावं लागलेलं असणं, घरात कुणाचा अचानक मृत्यू झालेला असणं, मृत्यूच्या आधीच्या ४८ तासांत बेसुमार दारू किंवा अतिश्रमाचा व्यायाम, आणि नशेचे पदार्थ घेणं. यातलं पहिलं कारण परत वाचण्यासारखं आहे. हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा जो दुष्परिणाम तरुण मुलांमध्ये बाहेरच्या देशांत दिसला तो मुख्यतः एमआरएनए प्रकारच्या लसींचा, आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेल्या कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन त्या प्रकारातल्या नाहीत.

मग आता काय करायचं

आज आपल्यातल्या जवळजवळ प्रत्येकाला लस तरी मिळालीय किंवा आजार तरी होऊन गेलाय, बहुतेकांना दोन्ही. त्यामुळे २०२१ सारखी घबराट नको. निरोगी तरुण माणसाला आत्ता धावत जाऊन पुढचा डोस शोधायची गरज मला तरी दिसत नाही. साठीच्या पुढचे, शुगर, दमा, सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट आजार), किडनीचा त्रास असलेले यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारावं, कोरोनाच्या डोसबरोबर फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसीचं पण विचारावं, कारण फुप्फुस एकच आहे आणि त्याच्यावर टपलेले बरेच आहेत.

खोकला-ताप आला तर सीटीच्या मागे लागू नका. घरात ऑक्सिमीटर असेल तर तो काढा, सेल बदला, बोटाची नेलपॉलिश पुसा, हात गार असेल तर चोळून गरम करा. बसून आकडा बघा, मग घरातल्या घरात सपाट जमिनीवर सहा मिनिटं चाला आणि परत बघा. आकडा ९४ च्या खाली आला किंवा चालल्यावर तीनपेक्षा जास्तने घसरला तर वाट बघायची नाही, डॉक्टरकडे जायचं. पाचव्या ते दहाव्या दिवसापर्यंत हे रोज दोनदा करायचं, ताप उतरला असेल तरीही, आणि म्हातारी माणसं "माका काय एक होणा नाय" म्हणाली तरीही.